कारणाचा रकाना

माझं अक्षर सुंदर आहे, असं अख्खं रुग्णालय म्हणतं. आग लागो त्या अक्षराला.

मी सरकारी आरोग्य विम्याच्या टेबलावर बसते. रुग्ण दाखल झाला की नातेवाईक कार्ड घेऊन माझ्याकडे येतात आणि मी अर्ज भरते. नाव, वय, पत्ता आणि शेवटी ‘दाखल होण्याचे कारण’. या रकान्यापाशी माणसांचं काय होतं ते मला विचारा. बायको पिशवीच्या बंदाशी चाळा करते, बाप भिंतीवरचं घड्याळ बघत बसतो. मग मीच म्हणायचे, “चक्कर येऊन पडले, असंच ना?” की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. तेव्हा दारू लिहिली तर विमा मिळायचा नाही, हे एक. आणि चारचौघांत अब्रू, हे दुसरं. नऊ वर्षं मी हा परोपकार केला. डॉक्टर घाईत सही ठोकायचे. लोक हात जोडून जायचे, आणि मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. करायचा. तो तीनदा दाखल झाला आणि तिन्ही वेळा मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : चक्कर.

यंदा नियम बदलला. व्यसनमुक्तीचे अठ्ठावीस दिवस आता विम्यात बसतात. मात्र आधी व्यसनामुळे दाखल झाल्याची एक तरी नोंद हवी. ते परिपत्रक मीच टेबलामागे चिकटवलं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, बघा.

काल सकाळी धाकटा आला. दाढी केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. हातात कपड्यांची पिशवी.

“ताई, मी आपणहून आलोय. आज घे मला. उद्या येईनच असं नाही.”

वरच्या मजल्यावर, व्यसनमुक्ती कक्षात, एकच खाट रिकामी होती. तिथल्या सिस्टरने संगणकात बघितलं आणि मला फोन लावला. “तीनदा चक्कर, व्यसनाचं नावही नाही. नाकारावं लागेल हो. नोंद चुकली असेल तर जिने लिहिली तिने मोठ्या डॉक्टरांना लेखी द्यायचं.”

जिने लिहिली तिने. लेखी दिलं की चौकशी, आणि चौकशी झाली की ही खुर्ची गेली. शिवाय सगळ्या रुग्णालयात बोभाटा. मी फोन ठेवला आणि धाकट्याला म्हटलं, “सोमवारी ये. मी काहीतरी जमवते.”

“बरं,” तो म्हणाला. वाद नाही, काही नाही. पिशवी उचलून दाराकडे निघाला.

त्या ‘बरं’ने माझा घात केला. चार वर्षांपूर्वी, पहिल्यांदा आणला तेव्हा तो याच टेबलासमोर स्ट्रेचरवर होता. चांगला शुद्धीवर. मी अर्ज भरत होते आणि तो मोठ्याने म्हणाला होता, “ताई, दारू लिही. खरं ते लिही.” मी वाकून त्याच्या कानात फुसफुसले होते, “गप्प बस! लोक ऐकतायत.” तेव्हाही तो “बरं” म्हणाला होता. मग पुन्हा त्या विषयावर कधी बोललाच नाही.

“थांब!” मी इतक्या जोराने ओरडले की रांगेतली माणसं दचकली. “कुठे निघालास? बस तिथे. हलायचं नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. “रुग्णाने तेव्हा स्वतः काय सांगितलं होतं, तेही लिहा.”

लिहिलं. दारू सांगितली होती. मी लिहिली नाही. माझं मोत्यासारखं अक्षर धाकट्याच्या सहीसारखं वेडंवाकडं आलं.

“अशी नोंद फक्त भावाचीच?” डॉक्टरांनी विचारलं.

त्या सगळ्या बायका, ते बाप डोळ्यांसमोरून जात होते. त्यांच्यापैकीही कुणीतरी आज असंच परत जात असेल. मग मी आणखी कागद मागितले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण कागद दिले.

दुपारी धाकट्याला खाट मिळाली. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. लिफ्ट बंद होती. तो तिच्या दाराकडे बघून हसला, म्हणाला, “बाहेर आलो की हिला बघतो.”

दोन पायऱ्या चढून तो थांबला.

“ताई, मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते.”

नाही रे वेड्या, असं म्हणणं किती सोपं होतं. तोंडाशी आलंही होतं.

“वाटत होती,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. “बरं,” म्हणाला आणि कठडा धरून वर चढू लागला.