चार्ज घेतला

फोरमनसाहेबांच्या कारखान्यात एक नियम होता आणि तो त्यांनीच घातलेला होता. पाळी संपली म्हणून मशीन टाकून घरी पळायचं नाही. पुढच्या पाळीच्या माणसाला मशीनच्या सगळ्या खोडी दाखवायच्या, त्याने ते एकदा स्वतः चालवून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "चार्ज घेतला." कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की साहेब कानामागे हात धरून म्हणत, "ऐकू नाही आलं." या नियमाचा त्यांना पोटच्या पोरीपेक्षा काकणभर जास्तच अभिमान होता.

त्यांची बायको शिवणकारखान्यात दुपारचे थोडे तास मशीनवर बसायची. तिने शिकवलेल्या दोघी कधीच तिच्या पुढे गेल्या होत्या. आता मालकिणीने तिला सकाळच्या पाळीची सुपरवायझर व्हायला सांगितलं, आणि सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. बायकोला ती जागा हवी होती, अगदी मनापासून. तिने तसं सांगितल्यावर साहेबांनी साहजिकच विचारलं, सकाळी घराचं काय? तुमची दुपारपाळी, तुम्ही सकाळी घरीच तर असता, असं ती म्हणाली. तोंडावर नाही म्हणून वाईटपणा घेणं साहेबांच्या जिवावर आलं. त्यांनी आपला ठेवणीतला नियम काढला.

"रीतसर चार्ज दे आणि खुशाल जा. अर्ध्या तासाचं काम आहे."

रविवारी सकाळी चहा झाल्याबरोबर तिने पदर खोचला. गॅसचा डावा बर्नर बटण दाबून धरल्याशिवाय पेटत नाही. साहेबांनी पेटवून बघितला, भुवईचे चार केस गेले. धुण्याचं मशीन पिळताना चालायला लागतं, त्याला कंबर लावून उभं राहायचं. साहेब उभे राहिले आणि कपडे पिळून होईपर्यंत त्यांच्या तोंडून एक शब्द सरळ निघेना. पोरगी पोट दुखतंय म्हणाली तर गणिताची परीक्षा असते, पाय दुखतोय म्हणाली तर खरंच दुखत असतो. सासूबाई गोळी घेतली म्हणतात तेव्हा ती गालात असते, म्हणून त्यांना पाणी पाजून बोलतं करायचं.

जेवणाची वेळ टळली तरी त्यांचं स्वयंपाकघर संपलं नव्हतं. मध्येच साहेबांनी विचारलं, या सगळ्यात तू जेवतेस कधी? इथेच, उभ्याउभ्या, असं म्हणत तिने ओट्याकडे बोट दाखवलं आणि पुढची खोड सांगायला घेतली. साहेबांना आता पुरे म्हणावंसं वाटलं, पण आपलाच नियम, बोलणार कोणाला?

दिवेलागणीला ते खुर्चीत कोसळले. झालं ना सगळं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा खाटेवरून त्यांच्या आई म्हणाल्या, "आणि याचा चार्ज? मी हिला घर दिलं ना, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ तुझ्यातच गेला होता."

बायको जरा घुटमळली, मग तिने तोही दिला. तुमचं डोकं तापलेलं असलं की पोरीला शेजारी पाठवायचं. चष्मा तुमच्याच कपाळावर असला तरी आधी घरभर शोधल्यासारखं करायचं. घरातला कुठलाही नियम तुम्हीच काढलाय असं तुम्हाला वाटेल असं बोलायचं.

पोरीला शेजारी पाठवतात, हे साहेबांना आत्ता कळत होतं आणि ते लागलं.

"हा चार्ज कोणाला देतेस?" त्यांनी विचारलं.

"तुमचा तुम्हालाच."

सोमवारी ती उजाडताच तयार झाली, चप्पल घातली आणि दारात थांबून राहिली. साहेब एका हाताने बर्नरचं बटण दाबून उभे होते. का थांबलीस, असं ते विचारणार होते, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खाली बघूनच म्हटलं, "चार्ज घेतला."

आतून आई म्हणाल्या, "ऐकू नाही आलं."