मी अडवलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना ॲरे आहे. ॲरे म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली खणांची सलग रांग. मी एका रुग्णवाहिका केंद्रातल्या संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतो. बाहेरून येणारे संदेश क्षणभर माझ्या खणांत थांबतात आणि पुढे जातात.

मला एका प्रोग्रामर ताईने घडवले. खण भरले की दुप्पट जागा घ्यायची आणि सगळे सामान तिकडे हलवायचे, हा तिचा नियम. एकदा जवळच्या एका कारखान्यात वायुगळती झाली. संदेशांचा नुसता पूर आला. मी दुप्पट, पुन्हा दुप्पट होत गेलो आणि एकही संदेश सांडू दिला नाही. सगळ्यांनी ताईची पाठ थोपटली. मीही फुगलो.

गर्दी ओसरली, मी मात्र तेवढाच राहिलो. "याला आता लहान करायचं का?" सहकाऱ्याने विचारले.

"राहू दे रे, पुन्हा वाढवायला वेळ जातो," ताई म्हणाली.

मलाही ते बरेच वाटले. रिकामे खण अडवून मी ऐसपैस पसरलो.

मग एका दुपारी एका बाईचा फोन आला. तिच्या सासऱ्यांना श्वास घेता येईना. फोन घेणाऱ्या मावशींनी लगेच चालकाला पत्ता पाठवला. बाहेर जाणाऱ्या संदेशांची रांग माझ्या शेजारीच होती. तिने थोडी जागा मागितली, पण स्मृतीत जागाच उरली नव्हती. कर्नलला थांबायला सवड नसते. त्याने संदेश टाकून दिला.

"निघालात ना?" मावशींनी थोड्या वेळाने फोनवर विचारले.

"कुठे? पत्ताच आला नाही!"

गाडी उशिरा पोचली. आजोबा वाचले, पण त्यांची वाचा गेली.

"पाठवायला विसरलात!" साहेब मावशींवर बरसले. "नाही हो, पाठवला होता," त्या म्हणत राहिल्या. हळूहळू त्यांचाच स्वतःवरचा भरवसा उडाला. मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड कुठे होते?

शेवटी ताईने शोध घेतला. माझे ओस पडलेले खण पाहून तिने डोके धरले. मग सगळ्यांसमोर ती मावशींना म्हणाली, "तुम्ही विसरला नव्हतात. जागा परत करायचा नियम मीच लिहिला नाही."

मावशींनी डोळे पुसले आणि पुढचा फोन उचलला.

आता बरेच खण रिकामे झाले, की मी निम्मी जागा परत करतो. मित्रांनो, गरजेला जागा जरूर घ्या, पण गरज सरली की सोडा. आता एकही पत्ता हरवत नाही. तरीही मावशी प्रत्येक वेळी चालकाला फोन करतात, "पोचला ना?"

"पोचला हो, मावशी."

"नक्की ना?"