पेठच्या रांगेतला निरोप

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. पंखा खरखरतो, पण कान शाबूत आहेत. नाशिकच्या एका रक्तपेढीत जिन्याखालच्या खोलीत मी आणि माझ्यासारखेच दोघे भाऊ राहतो. तालुक्यातल्या दवाखान्यांकडून रक्ताची मागणी यायची, ती आम्ही त्या त्या गावाच्या रांगेत लावायचो आणि रक्तपेढीचा संगणक ती वाचायचा. प्रत्येक निरोप तिघांकडे जपलेला. एक बंद पडला तरी दोघे खंबीर! आम्हाला सांभाळणाऱ्या मेहविश मॅडम काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करताना म्हणायच्या, "सात वर्षांत एक निरोप हरवला नाही यांनी." मला केवढा अभिमान वाटायचा!

त्या मंगळवारी सकाळी नऊलाच रक्तपेढीचा संगणक बंद पडला. इकडे माझी जागा भरत आलेली. मॅडमच्या हाताखालच्या सनीने एक प्रोग्राम लिहिला होता: दोन तास जी रांग कुणी वाचली नाही, ती टाकाऊ.

"मॅडम, यंत्रणा तपासायला उघडलेल्या त्या जुन्या टेस्टच्या रांगा उडवू का? कुणी ढुंकूनही बघत नाहीये."

मॅडमच्या कानाला फोन, त्या बंद संगणकाचीच रड चाललेली. "आत बघितलंस?"

"टेस्टच्याच असणार, मॅडम."

"बरं, उडव."

अहो, संगणक नऊपासून बंद, म्हणून दोन तास न वाचलेल्या गावांच्या रांगाही सापडल्या ना त्यात! बाकीच्या रिकाम्या होत्या, पेठची नव्हती. वीस मिनिटांपूर्वीच तिथल्या भाग्यश्री सिस्टरचा निरोप आला होता: सिंधुबाई, बाळंतपणात रक्तस्राव, बी निगेटिव्ह, दोन पिशव्या, तातडीने. मी 'मिळाला' अशी खूणही पाठवली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं? हुकूम आला आणि आम्ही तिघांनीही निमूट पुसलं.

दुपारी संगणक सुरू झाला, तेव्हा वाचायला काहीच उरलं नव्हतं. सिस्टर माझ्या खुणेवर विसंबून बसल्या होत्या. शेवटी त्यांनी फोन केला, "मॅडम, रक्ताची गाडी कुठवर आली?" गाडी तर निघालीच नव्हती! गाडी सुसाट सोडली, पण ती पेठला पोहोचली तेव्हा सिंधुबाई गेली होती. मुलगी तेवढी वाचली.

संध्याकाळी मॅडमनी माझ्याकडे पेठची रांग मागितली. 'अशी रांग नाही,' मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा मागितली. मी पुन्हा तेच सांगितलं.

मित्रांनो, बिघाडाला आम्ही पुरून उरतो, तुमच्या घाईला नाही. पुसण्याआधी एकदा उघडून बघत जा रे! दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेठची नवी रांग उघडली. भाग्यश्री सिस्टर निरोप पाठवतात, मी 'मिळाला' म्हणतो आणि त्या लगेच फोन उचलून 'कुणी वाचला का?' असं विचारतात. माझ्यावर आता त्यांचा विश्वास नाही. तेच बरं आहे.