मागच्या सीटखालचा ठोका

जळगावच्या दाणाबाजारात वीस वर्षं डाळींचा व्यापार केल्यावर नेमीचंद ओस्तवाल एके दिवशी कोणाला न विचारता मोटार घेऊन घरी आले. साल अडुसष्ट-एकोणसत्तर असावं. गाडी काळी, गोल पाठीची, भुसावळच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली. ड्रायव्हर ठेवायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. ते स्वतः शिकले आणि स्वतःच चालवू लागले. मागच्या सीटवर उजवीकडे त्यांच्या आई झमकूबाई बसायच्या आणि डावीकडे पत्नी सायरबाई. सासूबाई शेजारी असल्यामुळे सायरबाईंचा घुंगट नाकापर्यंत यायचा. त्यातून रस्ता काही दिसायचा नाही. खालच्या कडेनं दिसायचे ते तिरके, पुढे बसलेल्या नवऱ्याचे पाय. कोणता पाय कधी दाबतात, कधी उचलतात, हे बघत त्यांचा प्रवास व्हायचा.

होळी झाली आणि गाडीतून आवाज यायला लागला. ठक्. थोडं अंतर जावं, आणि पुन्हा ठक्. कोणीतरी गाडीखाली लपून मुठीनं दार वाजवतंय असा.

नेमीचंदांनी डिकी रिकामी केली. जॅक, पाना, पाण्याचा डबा, सगळं घरी ठेवलं. आवाज होताच. मग त्यांनी गाडी अभिमन मिस्त्रीकडे नेली. अभिमन सोनगीरकडचा, हाताला चांगला माणूस. त्यानं गाडी जॅकवर चढवली, खाली शिरला, एकेक नटबोल्ट आवळला, आणि एकटाच चक्कर मारून आला.

"भाऊ, तुमनी गाडीले काहीच व्हयेल नही," तो हात पुसत म्हणाला. "बठ्ठं टाईट शे."

नेमीचंद त्याच्या शेजारी बसून पुन्हा फिरून आले. गाडी चूप. घरी येऊन त्यांनी आनंदानं आईला आणि बायकोला बसवलं, आणि गल्लीच्या तोंडाशीच ठक्!

"बिनणी बसली की वाजतं," झमकूबाई सुनेकडे बघून म्हणाल्या.

त्या थट्टेनंच म्हणाल्या असतील. पण सायरबाईंनी दोन दिवस एकेक फुलका कमी खाल्ला.

हा आवाज एरवी कोणी मनावर घेतलाही नसता. पण आखातीज, म्हणजे अक्षय तृतीयेची आखाजी, तोंडावर आली होती आणि धुळ्याला दिलेली त्यांची मुलगी राजकुंवर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. सातवा सरत आला होता. एसटीचे धक्के नकोत, आणि आगगाडीनं यायचं तर चाळीसगावला बदली. मोटार दारात असताना पोरीला असं का आणायचं? नेमीचंदांनी व्याह्यांना तसं कळवूनही टाकलं होतं. झमकूबाईंनी मात्र पाय रोवले.

"कुठून काय निखळेल याचा पत्ता नाही, अशा गाडीत मी पोटुशी पोर बसवू देणार नाही. आधी आवाज शोध."

नेमीचंद पुन्हा अभिमनकडे गेले, तर गॅरेजला कुलूप. तो आखाजीसाठी बायकामुलांना घेऊन सोनगीरला सासरवाडीला गेला होता. दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं. तिसऱ्यानं तर गाडीच विकून टाका म्हणून सल्ला दिला. नेमीचंद घरी आले ते कोट न काढताच ओसरीवर बसून राहिले.

सायरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. झमकूबाई शेजारी गेल्या होत्या.

"अहो, एक बोलू? तो आवाज मी बसते तिथंच येतो. माझ्या पायांना खालून कळतो. पुढं बसणाऱ्याला तो सगळ्या गाडीतून आल्यासारखा वाटत असेल. तुम्ही एकदा माझ्या जागी बसून बघा ना."

"मी मागं बसलो तर गाडी कोण चालवणार? अभिमन तिकडं सोनगीरला."

सायरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्या म्हणाल्या, "डावा पाय दाबायचा, गिअर टाकायचा, मग डावा हळू सोडत उजवा दाबायचा. तुम्ही डावा एकदम सोडता, म्हणून गाडी उडी मारते."

नेमीचंदांनी मान वर केली. आपल्या बायकोकडे त्यांनी असं टक लावून बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ते चिडतील असं सायरबाईंना वाटलं. पण ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी कोट काढला.

सायरबाईंच्या नावाचं शिकाऊ लायसन निघालं. पिंप्राळ्याकडं तेव्हा वस्ती तुरळक होती. रेल्वेचं फाटक ओलांडलं की मोकळा रस्ता आणि शेतं. नवराबायकोनं रोज पहाटे तिकडं दोघांनीच जायचं हे झमकूबाईंना पटेना. लोक बघतील, बोलतील. शेवटी त्याच म्हणाल्या, "मी बरोबर येते. मग कोण काय बोलतं ते बघू."

म्हणून पहिल्याच सकाळी मांडणी अशी झाली: स्टिअरिंगवर सायरबाई, शेजारी हातात जपमाळ घेऊन सासूबाई, आणि मागे शेटजी. सासूबाई हाताच्या अंतरावर, म्हणून घुंगट नाकापर्यंत. गाडी सुरू झाली, दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. पायांचं सगळं बरोबर होतं. समोरचं मात्र काही दिसत नव्हतं. नेमीचंद मागून सांगत होते, "डावीकडं... थोडं उजवीकडं..." आणि सायरबाई त्या आवाजाच्या आधारानं चाक फिरवत होत्या.

समोरून कडब्यानं भरलेली बैलगाडी येत होती. नेमीचंद ओरडले. सायरबाईंनी चाक वळवलं ते उलट्या बाजूला. बैल बुजले, गाडीवान उठून उभा राहिला, आणि मोटारीचं एक चाक रस्त्याकडेच्या चारीत उतरून गाडी थांबली. गाडीवानानं जे काही म्हणायचं ते म्हटलं आणि निघून गेला.

सायरबाईंनी चाकावरचे हात काढून घेतले. आता हे सगळं संपलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. सासूबाई काय म्हणतील, घरी गेल्यावर काय होईल, बाजारात कोण हसेल. त्या खाली मान घालून बसल्या.

झमकूबाईंनी जपमाळ मांडीवर ठेवली. हात लांब केला आणि सुनेचा पदर नाकावरून उचलून पार डोक्याच्या मागे टाकला.

"रस्ता बघ," त्या म्हणाल्या. "माझी अब्रू काय, मी घरी जाऊन सांभाळेन. इथं आधी माझा जीव सांभाळ."

बावीस वर्षांत सासूबाईंचा चेहरा सायरबाईंनी भर उजेडात एवढ्या जवळून पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट म्हातारीला मजा वाटत होती, हे सायरबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी पुन्हा चाक धरलं.

चार-पाच सकाळींत त्यांचा हात बसला. मग एके दिवशी नेमीचंद मागच्या सीटवर आडवे झाले, डोकं डावीकडं, कान सीटला लावून. रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावरून गाडी उतरली, तशी ठक्!

"इथं! इथं! माझ्या कानाखाली!" ते एवढ्यानं ओरडले की सायरबाईंनी ब्रेक दाबला आणि शेटजी सीटवरून खाली घरंगळले.

ते धूळ झटकत उतरले आणि धोतर सावरून रस्त्यावरच गाडीखाली शिरले. "आई, तुम्ही माझ्या जागी बसा. आणि जरा वरखाली व्हा!"

झमकूबाई मागे डावीकडे जाऊन बसल्या. सत्तरीची ती भारदस्त बाई सीटवर बसल्या बसल्या उड्या मारू लागली, आणि सायरबाई बाहेरून गाडीची पाठ दाबू लागल्या. फाटकवाला केबिनमधून बाहेर येऊन बघत राहिला. प्रत्येक उडीला खालून ठक्, ठक्.

मागच्या डाव्या चाकावर पोलादी पाट्यांचा जो जुडगा असतो, त्याच्या टोकाच्या कडीतली बुश, बोटभर धातूची नळी, झिजून पार सैल झाली होती. वजन पडलं की कडी तिथं आपटायची. नेमीचंद बोटं काळी करून बाहेर आले. "गाडी मुळीच निखळत नाही. एवढीशी बुश आहे!" त्यांनी तर्जनी आणि अंगठा जवळ आणून दाखवला, आणि दोघींनाही हसू आवरेना.

बुश तर बदलायलाच हवी होती, आणि पोरीला आणायची तिथीही ठरलेली. मग तिघं पहाटेच निघाले, नेमीचंद चालवायला, हळूहळू. धुळ्यात न थांबता ते सरळ सोनगीरला गेले. अभिमन सासऱ्याच्या अंगणात दाढी करत बसला होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो उठला आणि सगळी हकिकत ऐकली.

"आते समजनं," तो कपाळावर हात मारून म्हणाला. "मी जॅकवर चढाईसन दखू, वजनच नही ऱ्हाये." जॅकवर काय किंवा मागची सीट रिकामी असताना काय, कडीवर भार पडलाच नव्हता. मग सायरबाईंकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुम्हीन गाडी चालाडी?"

"चालाडी," झमकूबाईंनीच परस्पर उत्तर दिलं.

सोनगीरला तांबटांची घरं बरीच. अभिमनच्या सासऱ्याचीही भट्टी होती. तयार बुश मिळणार नव्हती, पण म्हातारबाबांनी जुनी बुश हातात फिरवून पाहिली, आणि पितळेची तशीच एक घडवून, कानस मारून अभिमनच्या हातात दिली. त्यानं ती बसवली, तोवर सगळ्यांचं जेवण झालं. आखाजीच्या पुरणपोळ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

दुपार कलल्यावर ते धुळ्याला पोचले. राजकुंवर निघायच्या तयारीत दारातच उभी होती. सासरच्यांचं चहापाणी झालं, ओटी भरली, आणि ती मागे आईच्या शेजारी बसली. झमकूबाई आता पुढं. गाडी निघाली. खड्डा आला, उतार आला, काही वाजलं नाही. नेमीचंद मागे वळून वळून विचारत होते, "येतोय का आवाज?" आणि सायरबाई नाही म्हणत होत्या.

नाही म्हणताना त्यांना आनंद होत होता, आणि आत कुठंतरी रितं रितंही वाटत होतं. आवाज सापडला, काम झालं. आता त्या पुन्हा डावीकडे, खिडकीशी, पदराआड. लेकीचा हात हातात होता, तेवढं पुरेसं आहे असं त्या स्वतःला समजावत होत्या.

पारोळ्याच्या आधी एक म्हैस आडवी आली. नेमीचंदांनी ब्रेक दाबला. राजकुंवरनं पोटावर हात धरला आणि डोळे मिटले.

"काही नाही, आजी," ती म्हणाली.

झमकूबाईंनी मुलाला गाडी बाजूला घ्यायला लावली. एका लिंबाखाली गाडी थांबली.

"नेमी, तू इकडं माझ्या जागेवर ये. मी मागं बसते पोरीपाशी," त्या म्हणाल्या. "तुझ्या पायाला सबुरी नाही. बिनणीचा पाय हलका आहे. पोरीला ती घेऊन जाईल."

"आई, मोठा रस्ता आहे. ट्रक येतात."

"येऊ दे. तिला दिसतात."

राजकुंवर आजीकडं, मग आईकडं, मग बापाकडं बघत राहिली. कोणी तिला काही सांगितलंच नव्हतं. सायरबाई उतरल्या. उन्हानं तापलेल्या दाराचा चटका हाताला बसला. त्या पुढं बसल्या, पदर आपणच मागं सारला आणि कमरेला खोचला. डावा पाय दाबला, गिअर टाकला, आणि गाडी जराही न हिसकता रस्त्याला लागली.

पारोळा मागं पडला. पेरणीआधीची काळी रानं दोन्ही बाजूंनी पसरली होती. समोरून ट्रक आला तेव्हा नेमीचंदांनी श्वास धरला, आणि तो शिस्तीत निघून गेल्यावर सोडला. एरंडोलच्या पुढं ते खिडकीला डोकं टेकून चक्क घोरायला लागले.

"आई," मागून राजकुंवर म्हणाली, "बाळाला घेऊन मी परत धुळ्याला गेले ना, की तू अशीच येशील मला भेटायला? एकटी?"

सायरबाईंनी आरशात पाहिलं. आरशात सासूबाई होत्या. झमकूबाई मान हलवून म्हणाल्या, "एकटी कशाला? मी येईन की बरोबर."

"येऊ आम्ही," सायरबाई म्हणाल्या. गिरणेचा पूल दिसायला लागला होता. त्यांनी वेग थोडा कमी केला आणि दोन्ही हातांनी चाक सरळ धरलं.