घुशीच्या कपाळी कुंकू

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. उंदराचा नव्हे, घुशीचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण इथे चेन्नईच्या वेलचेरीत जो तो मला उंदराचा पिंजरा म्हणतो आणि माझं डोकं फिरतं.

माझा जन्म तंजावरचा. दत्ताजीरावांनी ओळखीच्या लोहाराकडून जाड तारेचा, मांजर मावेल एवढा मला करवून घेतला. शेजारीपाजारी मला उसना नेत आणि परत देताना घासूनपुसून देत. दत्ताजीराव गेल्यावर त्यांची सून तुळजाबाई मला घेऊन चेन्नईला मुलाकडे आल्या. बरोबर सासूबाईंनी दिलेलं हळदीचं बेणंही होतं. ते त्यांनी घरामागच्या हातभर बागेत लावलं. दर पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, त्याच हळदीचं पानासकट रोप गोडभाताच्या भांड्याच्या गळ्याला बांधायचं आणि थोडे गड्डे पुढच्या वर्षासाठी राखायचे, यात कधी खंड पडला नाही.

गेल्या वर्षी बागेत घूस शिरली. इथे तिला पेरुचाळी म्हणतात. तिनं भिंतीखालून बिळं पाडली आणि निम्मी हळद उकरून टाकली. तुळजाबाईंचा मुलगा मुरली पेरुंगुडीला नोकरीला आहे. तो म्हणाला, पोंगल झाला की सगळीकडे फरशी घालू, निदान गाडी तरी उभी राहील. तुळजाबाईंनी मला माळ्यावरून काढलं आणि आत मसालवडा अडकवला.

पहिल्याच दिवशी मी घूस धरली. मुरली विषाच्या वड्या आणणार होता. तुळजाबाईंनी त्याला अडवलं.

"पिळ्ळैयारचं, गणपतीचं वाहन ते. मारूं नये."

मग त्यांनी भीतीनं डोळे मिटले, उदबत्तीच्या काडीनं तेलातलं कुंकू घुशीच्या कपाळी लावलं, माझ्यावर जुनी साडी टाकली आणि भिंतीपलीकडच्या रिकाम्या जागेत माझं दार उघडलं.

चार दिवसांत हळद पुन्हा उकरलेली. मी पुन्हा धरली, त्यांनी पुन्हा कुंकू लावून सोडली. असं तीनदा झालं. आणि बोल कोणाला? मला! मुरली म्हणाला, पिंजरा बेकार आहे, भंगारात द्या. धरण्याचं काम माझं, ते मी चोख केलं. पलीकडे नेऊन सोडा, असं काय मी सांगितलं होतं?

त्यातच नवरात्रातली आयुधपूजा आली. मिक्सरला कुंकू, स्कूटरला कुंकू, मुरलीच्या लॅपटॉपलाही चंदन आणि फूल. मी मात्र मागच्या दारी, पोटात शिळा वडा घेऊन पावसात भिजत होतो. घुशीला तीनदा कुंकू लागलं, मित्रांनो, आणि मला एकदाही नाही!

दुसऱ्या दिवशी मुरली मला भंगारवाल्याकडे न्यायला आला. माझ्या पोटात घूस होती. तो वाकून बघतच राहिला. तिच्या कपाळावर वाळलेल्या कुंकवाचा थर होता.

"अम्मा, डोळे उघडून बघ. ही तीच आहे," तो म्हणाला. "आपण तिला शेजारी ठेवतो आणि ती जेवायला इकडे येते."

"पावम्, बिचारी," एवढंच तुळजाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मुरलीनं मला गाडीत घातलं आणि पार पळ्ळीकरणैच्या पाणथळीपर्यंत नेऊन माझं दार उघडलं. ती घूस परत आली नाही. वाफ्यात चार रोपं उरली होती. पोंगलला एक भांड्याला बांधलं, उरलेल्या तिन्हींचे गड्डे बेण्यासाठी ठेवले. फरशीचं नाव मुरलीनं पुन्हा काढलं नाही.

मी मात्र तोवर मागच्या दारी गंजत पडलो होतो. मित्रांनो, घरातल्या हत्याराला निकामी म्हणण्याआधी आपण त्याला कसं वापरलं, ते आठवा. काम झालं की त्याला पुसा, कोरडं ठेवा, बिजागरीला थेंबभर तेल द्या.

पोंगलच्या दुपारी तुळजाबाई मागे आल्या. बोटावर उरलेलं कुंकू त्यांनी माझ्या दाराला लावलं.

"तुझं राहिलंच होतं की," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? पण माझा राग गेलेला नाही. कुंकू मिळालं. तेल अजून मिळायचं आहे.