घाणेरीची हिरवी फळं

इमारतीमागचा तुकडा फुलपाखरांच्या बागेसाठी मागताना मी रहिवाशांना लिहून दिलं होतं, फक्त इथलीच, देशी झाडं लावीन. आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. स्वतःचं असं एकच पान लिहिलं, त्यात चूक निघाली.

"भावजी, ही घाणेरी आहे," मेहुणी म्हणाली. ती वनस्पतिशास्त्र शिकवते. "परदेशातून आलेली. पक्षी फळं खातात, बी पसरवतात, मग ही दुसरं काही उगवू देत नाही. उपटा."

इतकी घरगुती शिवी नाव म्हणून मिळालेलं झुडूप परकं कसं असेल, असं वाटून मी ते आधीपासून उगवलेलं तसंच ठेवलं होतं.

वर, पहिल्या मजल्याच्या खिडकीत बायको बसली होती. खुबा मोडल्यापासून अकरा महिने ती खाली उतरलेली नाही. मी लावलेली रुईची आणि खुळखुळ्याची रोपं अजून वीतभरच आहेत. फुलपाखरं यायची ती फक्त तिच्या खिडकीखालच्या घाणेरीवर.

"हात लावायचा नाही!" ती ओरडली. "खुळखुळा फुलेपर्यंत मी काय भिंत बघू?"

"ताई, नियम म्हणजे नियम."

"मग तू ये इथे बसायला."

शेवटी तोडगा निघाला. फळं हिरवी असतानाच मी रोज तोडायची. एक जरी पिकून काळं झालं, तर मेहुणी स्वतः येऊन झुडूप मुळासकट काढणार. माझं ग्रंथालय सुटलं, भाच्याकडे जाणं सुटलं. रोज सकाळी जुना कोट चढवून मी काट्यांत शिरायचो आणि वरून हुकूम सुटायचे.

"डावीकडे. अहो, तुमचं डावं! खाली अजून एक."

नवव्या सकाळी ती मध्येच गप्प झाली. माझ्या हाताजवळून एक बुलबुल फळ उचलून कुंपणापलीकडे गेला. फळ काळं होतं का? मी स्वतःला दोनदा विचारलं. होतं.

तेवढ्यात वर फोन वाजला. मेहुणी रोज याच वेळी चौकशी करायची.

"हो गं, सगळी हिरवीच तोडतात," बायको म्हणाली. मग तिने फोन खिडकीबाहेर धरला. "माझ्यावर विश्वास नाही हिचा. अहो, तुम्हीच सांगा."

कोटाच्या बाहीत काटे अडकले होते. पुढे सरकता येईना, मागेही. समोरच्या फुलावर दोन फुलपाखरं बसली होती.

"सगळी हिरवीच," मी म्हणालो, आणि पुढचं फळ तोडलं.