हाताला जड

"विश्वास ठेवू नका! उचलून बघा!"

करंटबाबांनी असं म्हटलं की रांगेतला माणूस पुढे यायचा, टेबलावरची काळी पेटी दोन्ही हातांनी उचलायचा आणि त्याच्या तोंडाचा आ व्हायचा. पेटी दोन विटांएवढी, पण उचलताना मनगटांना ताण बसे. उचलणारा मागे वळून सगळ्यांना सांगायचा, "जड आहे हो!" आणि बंद पडलेल्या फर्निचरच्या त्या दुकानात दाटीवाटीने उभी असलेली दीडदोनशे माणसं टाळ्या वाजवायची.

खरं तर वस्तू अगदी साधी. संगणकाच्या डब्यात मागच्या बाजूला एक लोखंडी पेटी असते. भिंतीतली वीज ती आत घेते आणि संगणकाला झेपेल अशी करून पुढे देते. तिला म्हणतात पॉवर सप्लाय. आत काय आहे, कुणी केली, कशी केली, याची चौकशी गावात आजवर कुणी केली नव्हती. आता त्याच पेटीसाठी माणसं सकाळपासून ताटकळत उभी होती, कारण बाबांनी तिचं नाव शांतिपेटी ठेवलं होतं.

"तुमच्या घरातली वीज रागावलेली आहे," बाबा डोळे मिटून सांगत होते. "किती लांबून येते बिचारी! खांबावर आपटते, तारेत अडकते. ती तशीच यंत्रात गेली तर यंत्र तापणार नाही तर काय होणार? माझी पेटी तिला शांत करते. रागावलेली वीज जास्त जळते, शांत वीज पुरवून पुरवून चालते. ही शक्ती जड असते, म्हणून पेटी जड!"

मग मुख्य चमत्कार. बाबांनी भिंतीतला प्लग उपटला आणि हवेत उंच धरला. टेबलावरच्या संगणकाचा पंखा फिरतच राहिला, पडद्यावरचं फूल उमललेलंच राहिलं.

"भिंतीवरचं मीटर बघा! शून्य! आणि संगणक? चालू!"

"प्लग काढल्यावर मीटर शून्यच दाखवणार, आणखी काय दाखवणार?" मागून एक बाई मोठ्याने म्हणाली.

तिला सगळे ताई म्हणत. बाजाराच्या टोकाला तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सव्वीस वर्षं तिने गावातली यंत्रं उघडली होती, त्यामुळे न उघडलेल्या वस्तूवर तिचा विश्वास बसत नसे. ती पुढे सरकली. "बाबा, प्लग अर्धा तास बाहेर ठेवाल का? आम्ही थांबतो. आणि एखाद्या पेटीचं झाकण काढून दाखवाल?"

बाबा हसले. दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करताना माणसं हसतात तसं हसले. "ताई, झाकण उघडलं की शांती निघून जाते. आणि शंका आली की वीज पुन्हा रागावते." एवढं बोलून त्यांनी प्लग भिंतीत खोचला. ताईने घड्याळ पाहिलं. प्लग काढल्यापासून सात मिनिटं झाली होती.

"गप्प बसा हो ताई," शेजारचा सुतार वैतागून म्हणाला. "स्वतःचं दुकान चालत नाही म्हणून दुसऱ्याच्या नावाने खडे फोडता!"

ताईला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते पहिल्या रांगेकडे पाहून. तिथे तिचा सख्खा मोठा भाऊ छातीशी पेटी धरून उभा होता.

दादाचा फोटो स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे होता. एकतीस वर्षांत गावातला एकही चेहरा त्याच्या कॅमेऱ्यातून सुटला नव्हता. मागे भिंतीला ओल आली तेव्हा जुन्या फिल्मना बुरशी धरली. दादाने आठ महिने बसून एकेक फिल्म पुसली, संगणकात चढवली आणि मूळ फिल्म टाकून दिल्या. तेव्हापासून सगळं गाव त्याच्या एका संगणकात राहत होतं. कुणी गेलं की घरचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या दारात येत आणि हळू आवाजात विचारत, "एखादा बरा फोटो असेल का?" तो नेहमी असायचा.

त्याच दुपारी ताई स्टुडिओत गेली. बाबांचा माणूस पेटी बसवून नुकताच निघून गेला होता.

"दादा, काढ ती."

"का? चिमे, तुला सगळीकडे खोटच कशी दिसते गं?" पन्नाशीच्या बहिणीला तो अजून चिमीच म्हणायचा.

"अरे, तिच्यावर एक हजार वॉट छापलंय. छापायला काय जातंय? तुझ्या यंत्राच्या सगळ्या भागांची बेरीज केली तर तीनशेच्या आत येते. तुला चांगला पाचशेचा सप्लाय पुरे. आकडा नको बघूस. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामी येते आणि किती नुसती उष्णता होऊन वाया जाते, ते कुणी तपासलंय का, ते बघ. व्होल्टेज वाढलं तर तो आपणहून बंद पडतो का, ते बघ. पाच-सात वर्षांची लेखी हमी मागून बघ. बाबा काय देतायत? शांती!"

"हात लाव. थंडगार आहे की नाही?"

"अर्ध्या तासात दगडसुद्धा तापत नाही, दादा."

"आणि वजन?" दादा एकदम उसळला. "ते पण खोटं का?"

वजनाचं ताईने टाळलं. तिने विषय बदलला. "बरं. एक कर. तुझ्या डिस्क दोन आहेत ना? सगळ्याची नक्कल दुसरीवर आहे. मग दोन्ही एकाच डब्यात कशाला? एक माझ्याकडे दे, कपाटात ठेवते."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"पेटीवर नाही."

"एकच झालं ते. मी घेतलीय ती."

भावाबहिणीचं भांडण जसं वाढतं तसं ते वाढलं. डिस्कवरून निघालेली गोष्ट आईच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं इथपर्यंत गेली. शेवटी ताई ताडकन उठली आणि चपला नीट न घालताच बाहेर पडली. डिस्क काढायला दोन स्क्रू आणि दोन मिनिटं पुरली असती. तो डबा तिने शंभरदा उघडला होता. पण त्या दिवशी तिला राग जास्त महत्त्वाचा वाटला, आणि त्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. "चिमे, जरा येतेस? वास येतोय."

ताई पळत गेली. जळक्या प्लास्टिकच्या वासाने स्टुडिओ भरला होता. तिने डबा उघडला, एक डिस्क काढून उलटी केली, मग दुसरी. दोन्हींच्या चिपांवर काळे फोड आले होते. नव्या पद्धतीच्या डिस्क होत्या त्या, सगळं त्या चिपांतच असतं. तिने दोन्ही दुकानात नेऊन भिंगाखाली धरल्या, हवी ती सगळी खटपट केली, बाहेरच्या जाणकाराला फोटो पाठवून विचारलं. काही उरलं नव्हतं. एकतीस वर्षांचं गाव एका क्षणात गेलं होतं.

मग तिने शांतिपेटीचे चार स्क्रू काढले. आत पाहून तिला हसू आलं, आणि लगेच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती पेटी पिशवीत घालून फर्निचरच्या दुकानात गेली. गर्दी आता बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. बाबांनी नुकताच प्लग उपटला होता. कुणाला न विचारता ताई टेबलापाशी गेली आणि तिने पेटी उपडी केली. धप्पकन एक राखाडी ठोकळा पडला.

"सिमेंट," ती म्हणाली. "साधं, बांधकामाचं. साडेतीन किलो. ही तुमची शक्ती. आणि हे बघा, भंगारातल्या यंत्रातून काढलेलं सर्किट, दोनशे वॉटचंसुद्धा नाही. व्होल्टेज वाढलं तर वीज तोडणारे भाग इथे बसतात. जागा छापलेली आहे, भाग नाहीत. एवढी साधी गोष्ट नव्हती म्हणून माझ्या भावाच्या डिस्क जळल्या."

 सुतार पुढे आला. त्याची बायको गेल्या हिवाळ्यात गेली होती.

"सगळ्या जळल्या?" त्याने विचारलं. "माझ्या मेव्हणीच्या लग्नात तिचा एक फोटो काढला होता. हसतानाचा. घाई काय आहे, सावकाश मोठा करून घेऊ म्हणून मी..." 

"सगळ्या," ताई म्हणाली.

"बोललो ना!" बाबांचा आवाज चढला. "झाकण उघडलं! शांती गेली, म्हणून सिमेंट झालं!" त्यांचा माणूस लगबगीने प्लग भिंतीत खोचायला वाकला. सुताराने त्याचं मनगट धरलं. हात सुताराचा होता, मनगट जागचं हललं नाही.

"राहू दे बाहेर," सुतार म्हणाला. "बघू."

आठ मिनिटं झाली. नऊ झाली. बाबा मोठ्याने काहीतरी पुटपुटत होते, पण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. अकराव्या मिनिटाला पडद्यावरचं फूल फिकं पडलं, पंखा अडखळला आणि सगळं बंद झालं.

"बॅटरी," ताई म्हणाली. "खेळासाठी एकाच पेटीत घातलेली. सात मिनिटांच्या आत प्लग परत लावायचा, की पुढच्या खेळापर्यंत ती भरते. बस, एवढाच चमत्कार."

तिला वाटलं, आता तरी माणसं चिडतील. काही चिडलीही. सहासात जण तावातावाने पेट्या परत करायला गेले. बाकीचे आधी कुजबुजले, मग पुन्हा रांगेत उभे राहिले. "सुताराने हात लावला ना, त्याच्या बायकोचं वर्षश्राद्धसुद्धा झालेलं नाही," एकजण म्हणाला. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, ज्यांनी ताईला सातवीत विज्ञान शिकवलं होतं, ते ठोकळा हातात घेऊन बराच वेळ उभे होते. ताईला धीर आला. गुरुजींनी विचारलं, "हा तुकडा मी नेला तर चालेल? नाही म्हणजे, त्यात थोडी उरली असेल तर."

बाबा आणखी महिनाभर राहिले आणि मग पुढच्या गावी गेले. जाण्याआधी त्यांनी पेट्यांचे स्क्रू काढून कडा वेल्डिंगने बंद करून घेतल्या. ताईमुळे त्यांच्यात एवढी सुधारणा झाली.

दादाने स्टुडिओ बंद केला. ताई रोज दुपारी त्याच्याकडे जाऊन बसायची. तो फारसा बोलत नसे. दारात कुणी आलं, हळू आवाजात विचारू लागलं, की ताईच उठून सांगायची, नाही, नाही राहिला.

एक दिवस तो आपणहून बोलला. आवाजात राग नव्हता.

"दुकानं सगळी पालथी घातली मी त्या वेळी. पेट्या उचलून बघितल्या. त्याची सगळ्यात जड होती. तूच सांगायचीस ना, चिमे? हाताला जड लागेल तोच सप्लाय घ्या म्हणून."

हो, तीच सांगायची. सव्वीस वर्षं. तिच्या दुकानाच्या दारावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हलका सप्लाय घेऊ नका. एके काळी ते खरंही होतं. आत तांब्याची मोठी वेटोळी, उष्णता शोषणारे जाड पत्रे असले की पेटी जड व्हायची. पण का जड, हे समजावायला वेळ जायचा, आणि गिऱ्हाईक घाईत असायचं. म्हणून तिने कारण गाळून टाकलं आणि नुसतं वजन ठेवलं. बाबांना गावात नवीन काही शिकवावंच लागलं नाही. कुणीतरी आधीच तोलायला शिकवलं होतं, त्यांनी फक्त सिमेंट घातलं.

ताई दुकानात आली आणि तिने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती ओळ दारावरून खरवडून काढली. रंग निघाला, अक्षरांचा ठसा राहिला. त्याच्यावर तिने नवं लिहिलं:

झाकण उघडून दाखवणार नाही त्याच्याकडून काही घेऊ नका. का, हे विचारा. उत्तर कळेपर्यंत विचारा. मी सांगितलं तरी विचारा.

रंग ओला होता तोवर पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याने दारावरचं वाचलं, मान डोलावली आणि काउंटरवर रेलून विचारलं, "बरोबर आहे. ताई, त्यातल्या त्यात जड कुठला?"